सैनिकाला सांभाळणारे हात

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सरकार जन्मभर सांभाळते, असा समज गावोगावी आहे. पेन्शन आहे, कँटीनचे कार्ड आहे, दवाखाना आहे, मग त्याला आणखी काय हवे, असे चावडीवर सहज विचारले जाते. ज्या घरात मणक्याला गोळी लागलेला किंवा दोन्ही पाय गमावलेला फौजी परत येतो, तिथे प्रश्न वेगळा असतो. याला आता उठवायचे, बसवायचे, अंघोळ घालायची कोणी? आणि जी व्यक्ती हे करील तिच्यासाठी सरकारकडे काय आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे. सांभाळणाऱ्याला जे काही मिळते ते सैनिकाच्या हक्कातून झिरपत येते. म्हणून आधी सैनिकाचे हक्क कसे ठरतात ते समजून घ्यावे लागते.

१. माजी सैनिक कोणाला म्हणायचे?

वर्दी घातलेला प्रत्येक जण पुढे ‘माजी सैनिक’ ठरतोच असे नाही. सरकारी व्याख्येत मुख्यतः तीन प्रकारचे लोक बसतात. पेन्शन मिळवून निवृत्त झालेले, लष्करी सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा जखमेने वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलेले (फौजी भाषेत ‘बोर्ड आउट’ झालेले), आणि कराराची मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेले. मुदत संपण्याआधी स्वतःहून नोकरी सोडलेला किंवा शिक्षा म्हणून काढलेला माणूस यात येत नाही.

ही व्याख्या म्हणजे घराचा उंबरठा समजावा. आत आलेल्याला नोकरीतील राखीव जागा, मुलांच्या शिष्यवृत्त्या, आणि पेन्शन असेल तर दवाखाना, असे दरवाजे उघडतात. बाहेर राहिलेल्याला यातले फारसे काही मिळत नाही. असे बाहेर राहिलेले कोण, ते नवव्या भागात येईल.

२. कायदा कमी, आदेश फार

माजी सैनिकांचे सर्व हक्क एकत्र सांगणारा एकही कायदा भारतात नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पेन्शन चालते ती पेन्शन नियमावलीवर आणि संरक्षण मंत्रालयाने वेळोवेळी काढलेल्या पत्रांवर. संसदेने केलेला ठळक कायदा म्हणजे २००७ चा सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा. त्यातही हक्क कोणते ते सांगितलेले नाही, हक्क नाकारला तर दाद कुठे मागायची ते सांगितले आहे.

याचा परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतो. कायदा बदलायचा तर संसदेत चर्चा होते. आदेश बदलायला दुसरा आदेश पुरतो. सातबाऱ्यावर नाव असणे आणि मालकाने तोंडी ‘कसत राहा’ म्हणणे यात जेवढा फरक, तेवढाच या दोन्हींत आहे. जमीन दोघेही कसतात, पण झोप एकालाच शांत लागते.

कारभाराची उतरंड अशी: दिल्लीत संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याण विभाग, जो २००४ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या जोडीला केंद्रीय सैनिक बोर्ड, ज्याचे मूळ पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये नेमलेल्या मंडळात आहे. राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. सामान्य घराचा संबंध येतो तो या शेवटच्या पायरीशी.

३. पेन्शनचा हिशेब

जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षे आणि अधिकाऱ्याला २० वर्षे सेवा लागते. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते. हा पगार म्हणजे मूळ वेतन आणि ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ यांची बेरीज. शेवटचा पगार ४०,००० रुपये असेल तर पेन्शन २०,००० आणि त्यावर महागाई सवलत. या प्रकरणातील सगळ्या उदाहरणांत हाच ४०,००० चा आकडा घेतला आहे. महागाई सवलत बाजूला ठेवली आहे.

२००४ नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांना नवी अंशदान पेन्शन लागू झाली, पण सैन्यदलांना तिच्यातून वगळले. त्यामागचे कारण वयात आहे. तहसील कार्यालयातील कारकून साठीच्या आसपास घरी बसतो, तर बहुतेक जवान पस्तिशी ते चाळिशीच्या सुमारास. मुले शाळेत, आईवडील म्हातारे, घर अर्धे बांधलेले, आणि पगार निम्म्यावर आलेला.

‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी यातूनच उभी राहिली. एकाच हुद्द्यावरून, सारखीच सतरा वर्षे सेवा करून दोन हवालदार निवृत्त झाले, एक १९९५ मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये. मधल्या काळात वेतन आयोगांनी पगार वाढवले, म्हणून दुसऱ्याची पेन्शन मोठी ठरली. खळ्यावर दोघांच्या वाट्याचे धान्य सारखेच, पण एकाला जुन्या लहान पायलीने मापून दिले आणि दुसऱ्याला नव्या मोठ्या पायलीने, असा हा प्रकार होता. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या जंतरमंतरवर माजी सैनिक धरणे धरून बसले. त्या वर्षी ५ सप्टेंबरला तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासूनचा लाभ मान्य झाला. दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते, त्यानुसार २०१९ आणि २०२४ च्या १ जुलैपासून फेरआखणी झाली. ती दरवर्षी व्हावी अशी माजी सैनिकांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सरकारचे पाच वर्षांचे सूत्र वैध ठरवले.

४. जखम कशाने झाली?

अपंगत्वाची पेन्शन दोन प्रश्नांवर ठरते. अपंगत्व कशामुळे आले आणि ते किती टक्के आहे.

कारणांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिल्या गटात आजाराचा किंवा इजेचा सेवेशी संबंध नाही. दुसऱ्यात तो सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, जसे ड्युटीवरचा गाडीचा अपघात किंवा हिमालयातील चौकीवर जडलेला आजार. तिसऱ्यात इजा युद्धात, सीमेवरील चकमकीत किंवा दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत झाली. पहिल्या गटात अपंगत्वाचा वाटा मिळत नाही. दुसऱ्यात तो मिळतो. तिसऱ्यात तो सर्वांत मोठा असतो.

टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते आणि किमान २० टक्के अपंगत्व लागते. मात्र मंडळाचा आकडा जसाच्या तसा लावला जात नाही. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर १००. शरीराची हानी दुकानातल्या काट्यासारखी तंतोतंत मोजता येत नाही, दोन डॉक्टर एकाच गुडघ्याला ४० आणि ४५ म्हणू शकतात, म्हणून ही सूट. आधी ती बोर्ड आउट झालेल्यांपुरतीच होती. नोकरीची मुदत पुरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही ती द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केले.

आता हिशेब. ४०,००० पगाराचा एक नायक ड्युटीवरच्या अपघातानंतर ६० टक्के अपंगत्व घेऊन बोर्ड आउट झाला. सेवेचा भाग पगाराच्या निम्मा, म्हणजे २०,०००. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. त्याचे ६० टक्के ७५ धरले जातील, म्हणून ९,०००. एकूण २९,०००. तोच नायक चकमकीत तेवढाच जखमी झाला असता, तर अपंगत्वाच्या भागाऐवजी ‘युद्धजखमे’चा भाग मिळाला असता. बोर्ड आउट झालेल्याला तो १०० टक्क्यांना पूर्ण पगाराएवढा असतो. त्याचे ७५ टक्के ३०,००० आणि सेवेचे २०,००० मिळून ५०,०००.

पाय एकाच जागी मोडला, घरातली अडचण तीच, पण दोन आकड्यांत २१,००० रुपयांचे अंतर पडले. म्हणूनच जखम झाल्यावर युनिटमध्ये भरला जाणारा अपघाताचा अहवाल फार मोलाचा असतो. त्यात कारणाच्या रकान्यात पडलेली ओळ पुढची चाळीस वर्षे घर चालवते.

५. संशयाचा फायदा कोणाला?

गोळीची जखम दिसते. रक्तदाब, फिट्स, मनाचे आजार यांचे कारण दिसत नाही. अशा वेळी मंडळाच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडतो आणि वाद सुरू होतो.

या वादातला सर्वांत महत्त्वाचा निकाल जुलै २०१३ चा, धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यातला. सुमारे नऊ वर्षे सेवा केलेला एक जवान फिट्स येऊ लागल्यामुळे बोर्ड आउट झाला आणि त्याला अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे साधे होते. भरतीच्या वेळी सैन्यानेच त्याला तपासले, धडधाकट म्हणून घेतले, आणि एखादा आजार असल्याची नोंद केली नाही. मग नंतर आलेला आजार सेवेतूनच आला असे गृहीत धरावे. तसे नसेल तर ते सैन्याने कारणांसह दाखवावे, जवानावर ते ओझे टाकू नये. कोऱ्या करकरीत अवस्थेत भाड्याने घेतलेली बैलगाडी मोडून परत आली, तर ती आधीच मोडकी होती हे घेणाऱ्याने सिद्ध करायचे असते.

सरकारने २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम लागू केले. आजार सेवेमुळे झाला की नाही हे ठरवण्याच्या कसोट्या बदलल्या आणि अपंगत्व असूनही पूर्ण मुदत नोकरी केलेल्यांसाठी वेगळ्या नावाची मदत आली. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला आक्षेप घेतला. हक्क आदेशावर उभा असला की तो कसा सरकतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर आधी खात्याकडे पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानालाही पुढे वरच्या न्यायालयात खेचले जाते, हे दुखणे जुने आहे. पर्रीकरांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्वाच्या पेन्शनवरचे असे खटले कमी करण्यावर भर दिला होता. एका बाजूला खात्याचे वकील, दुसऱ्या बाजूला काठीवर चालणारा माणूस आणि त्याच्या मागे फायलींची पिशवी घेऊन आलेली बायको, असा हा सामना वर्षानुवर्षे चालावा हे बरे नाही.

६. सांभाळणारी व्यक्ती कागदावर कुठे आहे?

कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाचा दिवस कसा जातो ते जवळून पाहिल्याशिवाय या भागाचा अर्थ कळत नाही. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावे लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड आणि टाचा लाल झाल्या आहेत का हे रोज पाहावे लागते, कारण तिथे शय्याव्रण सुरू झाला तर त्याला दुखत नाही, वास येईपर्यंत कळत नाही. लघवीची पिशवी रिकामी करताना रंग बघायचा, गढूळ असेल तर ताप येणार हे ओळखायचे. हातमोजे घालून शौच काढायचे. सांधे आखडू नयेत म्हणून पाय हलवायचे. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही, कातडी भाजली तरी त्याला समजत नाही. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, तेव्हा लोडशेडिंगच्या रात्री वळवण्याचे काम आणखी वाढते. हे सगळे बहुतेक घरांत बायको करते, लग्न झालेले नसेल तर आई.

या कामासाठी पेन्शन नियमांत एक तरतूद आहे. तिला सतत मदतनीस भत्ता म्हणता येईल. अपंगत्व १०० टक्के असेल आणि याला सतत सोबतीची गरज आहे असे वैद्यकीय मंडळाने लिहून दिले असेल, तर तो मिळतो. १ जुलै २०१७ पासून त्याचा दर दरमहा ६,७५० रुपये ठरला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ करायची असा नियम आहे. मूळ दराचा हिशेब केला तर दिवसाला २२५ रुपये पडतात. चोवीस तासांनी भागले तर तासाला साडेनऊ रुपयेही होत नाहीत.

रक्कम थोडी आहे ही एक बाब झाली. दुसरी बाब अशी की हा भत्ता सैनिकाच्या पेन्शनचा भाग म्हणून त्याच्याच खात्यात जातो. ज्या बाईच्या हातून काम होते, तिचे नाव या भत्त्याच्या आदेशात नसते. तिला स्वतःची पाठ धरली म्हणून चार दिवस विश्रांती, दुसऱ्या माणसाची तात्पुरती सोय किंवा म्हातारपणासाठी काही तजवीज, यातले काहीही या भत्त्यात नाही.

भारतीय कायद्याला ही व्यक्ती अगदीच अनोळखी आहे असे मात्र नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्याच केली आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीला मदत करणारी कोणीही व्यक्ती, आईवडील आणि कुटुंबीय धरून. जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना सरकारांनी आखावी, असेही कलम २४ मध्ये लिहिले आहे. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या काळजीवाहकाची नेहमीच्या बदल्यांतून सुटका करण्याचा आदेश २०१४ पासून आहे. सैनिकाची पत्नी केंद्राच्या सेवेत असेल तर तिनेही तो वापरावा. पण लष्करी पेन्शनच्या नियमांत हा काळजीवाहक शब्द अजून आलेला नाही.

अमेरिकेने २०१० मध्ये सैनिकांच्या काळजीवाहकांसाठी स्वतंत्र कायदा केला. ११ सप्टेंबर २००१ नंतर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांच्या घरच्या काळजीवाहकाला थेट तिच्या नावाने मासिक रक्कम, आरोग्यविमा, प्रशिक्षण आणि वर्षाला किमान ३० दिवसांची बदली मदत त्यात आली. व्हिएतनाम युद्धातील आणि त्याआधीचे सैनिक मात्र बाहेर राहिले. त्यांच्या बायकांचेही तोवर वय झाले होते. २०१८ च्या कायद्याने दार उघडले, २०२० मध्ये जुन्या सैनिकांची घरे आत आली आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सर्व काळांतील सैनिकांची. भारताने उतरवून घेण्यासारखी गोष्ट रकमेपेक्षा वेगळी आहे. काळजीवाहकाची स्वतःच्या नावाने नोंद करायची, आणि तिलाही थकवा येतो हे कायद्यात लिहायचे.

७. पुणे आणि खडकी

जखमी सैनिकाला पुन्हा उभे करण्याच्या कामात पुण्याचे स्थान देशात वेगळे आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही खडकीची संस्था पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये स्थापन झाली. अपंग सैनिकांना हाताचे हुन्नर शिकवणे हे तिचे काम. कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातले, १९४४ चे. भूसुरुंगात पाय गमावलेला जवान इथे नवा पाय बसवून चालायला शिकतो.

खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याच्या जखमेने लुळे पडलेले आणि घरी सांभाळ होणे अवघड असलेले सैनिक तिथे राहतात. काही जण चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. हातही चालत नसलेले काही तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात. एका माणसाला वळवायला, उचलायला, स्वच्छ ठेवायला तिथे पाळीपाळीने माणसे असतात. घरी तेच काम एकटी बाई करते.

सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. जखमेनंतर त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले.

८. औषधपाणी, नोकरी आणि जिल्ह्याचे कार्यालय

पेन्शनधारक माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. हुद्द्यानुसार एकदाच वर्गणी भरायची, मग पती, पत्नी आणि अवलंबून असलेली मुले व आईवडील यांचे उपचार होतात. युद्धात अपंग झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून चिठ्ठी, मग ठरलेले खासगी रुग्णालय असा क्रम असतो. पॉलिक्लिनिक बहुधा जिल्ह्याच्या गावी असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथवर नेणे हा त्या दिवसाचा मोठा खर्च असतो.

नोकरीत केंद्राच्या गट क पदांवर १० टक्के, तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पुण्याचे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षारक्षक पुरवण्याच्या कामातून अनेकांना रोजगार देते. २०२० पासून राज्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतून सूट आहे.

पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या माजी सैनिकांसाठी सशस्त्र सेना ध्वजदिन निधी कामी येतो. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला शाळाशाळांतून छातीला चिकटवली जाणारी ती छोटी निशाणे याच निधीची. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला त्यातून दारिद्र्य अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये करण्यास मंजुरी मिळाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो.

९. वर्दी होती, पण माजी सैनिक नाहीत

उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांत सर्वांत करुण गोष्ट कॅडेटची आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा दुसऱ्या एखाद्या प्रबोधिनीत शिकताना मुलगा अपंग झाला, तर त्याची अधिकारी म्हणून नेमणूक झालेली नसते. म्हणून तो माजी सैनिक नाही आणि त्याला पेन्शनही नाही. त्याला मिळणाऱ्या सानुग्रह मदतीचे दर २०१७ पासून असे होते: दरमहा ९,०००, शंभर टक्के अपंगत्वाला आणखी १६,२००, आणि सतत मदतनीस भत्ता ६,७५०. विशीतल्या या मुलांना सांभाळतात आईवडील, आणि ते थकत जातात. वर्तमानपत्रात याविषयी बातमी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून अशी सुमारे ५०० मुले बाहेर पडली, असे त्या बातमीत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना ईसीएचएस लागू केले.

दुसरा गट अग्निवीरांचा. जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे. शेवटी सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी मिळतो आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना पेन्शन, ग्रॅच्युइटी, ईसीएचएस आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी.

४४ लाख हा आकडा मोठा दिसतो. चौथ्या भागातील नायक १०० टक्के अपंग असता तर त्याला दरमहा ३२,००० म्हणजे वर्षाला ३,८४,००० मिळाले असते. या दराने ४४ लाख साडेअकरा वर्षांत संपतात. अपंग झालेला अग्निवीर तेव्हा तिशीच्या घरातच असेल. पेन्शनवर महागाई सवलत वाढत जाते, एकरकमी पैशावर व्याज मिळते, म्हणून ही तुलना अगदी काटेकोर नाही. पण सांभाळण्याचे काम जन्मभराचे असते आणि मदत एकदाच येते, हे तिच्यातून दिसते.

१०. नाव, दाखला आणि सैनिकामागचा हिशेब

सैनिकाच्या घरचा प्रत्येक बदल, लग्न असो की मुलाचा जन्म, युनिटमधून ‘पार्ट टू ऑर्डर’ने रेकॉर्ड ऑफिसात नोंदला जातो. त्या नोंदीतले पत्नीचे नाव पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत उतरते. महाराष्ट्रात इथेच मोठी ठेच लागते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले नवे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे दुसरे, आणि आधार कार्डावर तिसरेच. नवरा जिवंत असेपर्यंत कोणाला काही अडत नाही. तो गेल्यावर मात्र पीपीओतली सुनंदा म्हणजेच आधारातली सुनीता, हे तिला सिद्ध करत बसावे लागते. नाव आणि जन्मतारीख सैनिकाच्या हयातीत, त्याच्या सहीने दुरुस्त करून घेतलेली बरी. त्यासाठीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला जातो, आणि पेन्शनचा कारभार आता ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर चालत असल्याने तिथेही नोंद जुळते का ते पाहावे लागते.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटे वाकडी झालेल्या किंवा अंथरुणावरच्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ काढता येते. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे.

आता शेवटचा हिशेब. ४०,००० पगारावरून ड्युटीवरच्या अपघाताने १०० टक्के अपंग झालेला सैनिक वीस वर्षे अंथरुणावर होता. सेवेचा भाग २०,०००, अपंगत्वाचा १२,००० आणि मदतनीस भत्ता मूळ दराने ६,७५०, असे घरात दरमहा ३८,७५० येत होते. तो दुसऱ्याच एखाद्या आजाराने गेला. त्या दिवसापासून अपंगत्वाचा भाग थांबतो आणि मदतनीस भत्ताही थांबतो. निवृत्त सैनिकाच्या मृत्यूनंतर जास्तीत जास्त सात वर्षे कुटुंब पेन्शन वाढीव दराने मिळू शकते. ती मुदत संपली की पत्नीला साधी कुटुंब पेन्शन मिळते, पगाराच्या ३० टक्के. म्हणजे १२,००० आणि त्यावर महागाई सवलत. पत्नी नसेल, पेन्शनला पात्र मुले नसतील आणि सांभाळ आईने केला असेल, तर पेन्शन आईकडे जाते, पण तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवे. पत्नी आहे आणि वीस वर्षे कूस वळवण्याचे काम आईने केले, अशा घरात साध्या कुटुंब पेन्शनमधून आईला काही मिळत नाही.